राखेचें इंधन

नवी विद्या आली कीं तिच्यापुढें टाळ कुटणारांचा मेळा आधीं जमतो. हिशेबाची वही घेऊन येणारा मागाहून येतो, आणि आला तर त्याची अरसिकांत गणना होते. ती गणना पत्करून आज आम्ही हा विषय हातीं घेत आहों. धुराड्यांतून निघणारा कार्बन डायॉक्साइड वायु पकडावा, त्याचें इंधन व रसायनें बनवावीं, म्हणजे कोळसाहि जाळतां येईल आणि हवाहि बिघडणार नाहीं, असें आश्वासन अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकींतून वारंवार ऐकूं येतें. आमचे एक विद्वान् स्नेही तर परवां म्हणाले, "आतां धूर म्हणजे कामधेनु!" त्या कामधेनूला वैरण किती लागते, हें मात्र त्यांनीं विचारलें नव्हतें.

ही विद्या खोटी आहे, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. या वायूचा हायड्रोजनशीं संयोग घडवून मिथेन करण्याची रीत फ्रेंच रसायनज्ञ साबात्ये याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. १९१२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी तोच. आपल्या शेतांत पडणारा युरियाहि याच वायूच्या व अमोनियाच्या संयोगानें होतो. तो मातींत विरघळला कीं तोच वायु पुन्हा हवेंत जातो, हें सांगण्यास मात्र कोणी उत्सुक नसतो. तेव्हां प्रश्न हें घडतें कीं नाहीं हा नसून, काय मोल देऊन घडतें, हा आहे.

हा वायु म्हणजे राख आहे. इंधन जळून उष्णता निघून गेली कीं जें उरतें तें. फरक इतकाच कीं ही राख डोळ्यांना दिसत नाहीं. राखेचें पुन्हा सरपण करावयाचें तर जळतांना जितकी शक्ति बाहेर पडली तितकी परत द्यावीच लागेल, आणि व्यवहारांत तिच्याहून बरीच अधिक. एक टन मिथेनॉल घ्या. त्यासाठीं हा वायु लागतो सुमारें पावणेचौदाशे किलो, आणि हायड्रोजन १८८ किलो. पाण्याचें विघटन करून इतका हायड्रोजन मिळविण्यास जवळजवळ १०,००० युनिट वीज खर्ची पडते. आणि तें मिथेनॉल जाळलें तर हातीं येणारी उष्णता भरते सुमारें ५,५०० युनिट. तिच्यावर यंत्र चालवूं जाल तर त्यांतलीहि निम्म्याहून अधिक वाटेंतच सांडेल. आवळा देऊन कोहळा काढणारे आपल्याला ठाऊक होते. कोहळा देऊन आवळा आणणाऱ्याला मात्र आतां द्रष्टा म्हणावयाचें!

बरें, ही वीज आणावयाची कोठून? कोळशाची एक युनिट वीज जवळजवळ एक किलो कर्बवायु हवेंत सोडते. म्हणजे पावणेचौदाशे किलो वायु बाटलींत भरण्यासाठीं नऊ-दहा टन नवा वायु निर्माण करावयाचा. "सूर्याची वीज वापरूं," असें यावर उत्तर येतें. अवश्य वापरा, पण तीच वीज सरळ गांवच्या तारांत सोडली तर तेवढा कोळसा मुळांतच जळत नाहीं आणि नऊ टनांची बचत होते. एकाच पैशांत नऊ शेर मिळत असतां दीड शेर घेऊन परतणाऱ्या गृहस्थाला आमच्या वाचकभगिनी पुन्हां बाजारांत पाठवितील काय?

मध्यप्रदेशांत सिंगरौलीजवळ एन्टीपीसीचें विंध्याचल वीजकेंद्र आहे. तेथें २०२२ सालीं दररोज २० टन कर्बवायु पकडणारें यंत्र बसलें, व नोव्हेंबर २०२४ मध्यें त्या वायूपासून मिथेनॉल तयार झाल्याची घोषणा झाली. तेथील अभियंत्यांचें कौशल्य निःसंशय स्तुत्य आहे. पण त्या केंद्राची शक्ति ४,७६० मेगावॅट, आणि २० टन वायु म्हणजे त्यांतल्या अवघ्या एका मेगावॅटाचा दिवसभराचा धूर! विंध्याला नमविणाऱ्या अगस्तीनें समुद्र एका आचमनांत पिऊन टाकला होता. आमच्या नव्या अगस्तीनें पळीभर पाणी प्राशन केलें आहे, आणि समुद्र आटल्याची दवंडी गांवभर फिरत आहे.

या विद्येला योग्य जागा नाहीं, असें नव्हे. आइसलंडांत स्वार्ट्सेंगी येथें भूगर्भांतील वाफेवर वीज होते. त्याच वाफेबरोबर येणाऱ्या कर्बवायूपासून वर्षाला सुमारें ४,००० टन मिथेनॉल करण्याच्या शक्तीचा कारखाना तेथें उभारला गेला व त्याला रसायनज्ञ जॉर्ज ओला याचें नांव दिलें गेलें. धूर नसलेली वीज तेथें विपुल, आणि समुद्रापार तारेनें पाठविण्याची सोय नाहीं. तेथें हा उद्योग शहाणपणाचा ठरतो. दूरच्या विमानांना बॅटरीचें ओझें पेलत नाहीं, त्यांच्यासाठीं असें इंधन महाग पडलें तरी करावें लागेल. औषधें, रंग, प्लास्टिक यांना कर्ब हवाच. तो खनिज तेलाऐवजीं येथून घेतला तर आमची हरकत नाहीं.

हरकत आहे ती दुहेरी जमेला. वीजवाला म्हणतो, "मीं धूर हवेंत सोडला नाहीं, विकला", तें इंधन जाळणारा जहाजवाला म्हणतो, "मीं नवा कोळसा जाळला नाहीं, जुनाच धूर जाळला." दोघांच्याहि चोपडींत पुण्य जमा, आणि वायु तर महिन्याभरांत हवेंत गेलेला! सावकारीच्या कोणत्याहि पेढींत असा हिशेब चालला नसता.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशानें असा कारखाना जेथें जेथें उभा राहील, तेथें त्याच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी लिहाव्या: एक टन मालास किती युनिट वीज लागली, आणि ती कोठून आणली. फलकाचा खर्च, हवा असेल तर, आम्ही वर्गणी करून देऊं.