शेरखानची फाटकी नोट

काउंटरवर वीस वर्षे लोकांच्या फाटक्या नोटा बदलून देणारा माणूस सहसा भांडत नाही. भांडायचे ते समोरच्याने, आपण फक्त नियम दाखवायचा, अशी आमच्या बँकेतली रीत. तरीही एकदा अकोल्यात एका डीव्हीडीवाल्याशी मी अर्धा तास कडाक्याचे भांडलो. तेही एका वाघापायी.

तो वाघ म्हणजे शेरखान. १९९३ साली मी अमरावतीत नववीत होतो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ लागायचे आणि वाड्यातली झाडून सगळी पोरे रंगीत टीव्हीवाल्या काकूंकडे आंघोळ न करताच हजर व्हायची. मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली काढलेली, भाग ५२. हिंदीत गाणे लिहिले गुलजारांनी, चाल दिली विशाल भारद्वाजांनी. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, त्यामुळे वाघ चिडला की घरातलेच कुणीतरी चिडल्यासारखे वाटे. आणि जंगल तरी कुठले? किपलिंगने गोष्ट रचली ती शिवनीच्या रानात, वैनगंगेच्या काठी. तीच वैनगंगा पुढे आमच्या विदर्भात भंडाऱ्याला येते. ज्यांच्या डोक्यावर मेळघाट आहे त्यांना मोगली परका कसा वाटावा? लिहिणारा इंग्रज, चित्रे काढणारे जपानी, पण वाघ आमच्याच बाजूचा!

तर हे सगळे आपल्या मुलाला दाखवावे, एवढीच माझी इच्छा. आधी व्हीसीडी आणून पाहिली होती. व्हीसीडीच्या चित्रात ठिपके ३५२ गुणिले २८८, म्हणजे डीव्हीडीच्या जेमतेम चौथाई. मोगली पळायला लागला की मागच्या गवताचे शंकरपाळे होत. म्हणून डीव्हीडीचा आख्खा संच घेतला, नवा सपाट टीव्ही घेतला, आणि पहिलीतल्या चिरंजीवांना मांडीवर घेऊन बसलो.

गाणे नाही! सुरुवातीलाच कात्री. तीन-तीन भाग एकमेकांना गोधडीसारखे शिवलेले, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, तो नेमका बघीराच्या नाकावर. चिरंजीव थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “बाबा, या अस्वलाला डोकं नाही का?”

खरेच नव्हते. जुन्या टीव्हीचे चित्र चारास तीन, नव्याचे सोळास नऊ. कंपनीने नवा पडदा भरावा म्हणून चित्राचे वरचे डोके आणि खालचे पाय छाटले होते. बी. कॉम. झालेला माणूस दुसरे काय करणार? हिशेब मांडला. उरले बरोबर ७५ टक्के.

आता रिझर्व्ह बँकेचा नियम पाहा. पन्नास किंवा त्यावरच्या नोटेचा सर्वात मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० असेल तर निम्मे, त्याखाली काही नाही. म्हणजे ही डीव्हीडी सरळ निम्म्या किमतीची! मी तसे दुकानदाराला शांतपणे समजावले.

“भाऊ, कार्टून आहे न थे,” तो म्हणाला. “लहान पोट्ट्यायले काय समजते जी?”

माझे भांडण याच वाक्याशी आहे. दुकानदार बिचारा मधला माणूस. पण डीव्हीडी काढणारेही हेच धरून चालतात. नाटकाची नांदी आणि तिसरा अंक कापून तिकीट विकले तर प्रेक्षक खुर्च्या मोडतील. कार्टूनचे मात्र काहीही कापा, गिऱ्हाईक साडेतीन फुटांचे! अहो, अस्वलाचे डोके नाही हे त्या साडेतीन फुटांनाच आधी दिसले. मी गाण्याच्या शोकात होतो. आणि मोठे पाहत नाहीत हे तरी कुणी सांगितले? २०२० च्या टाळेबंदीत, ८ एप्रिलपासून, दूरदर्शनने दुपारी एक वाजता हीच मालिका पुन्हा लावली, तेव्हा आमच्या घरात पोळी ताटातच ठेवून टीव्हीकडे धावणारे चाळिशीतलेच होते.

दुसरी सबब अशी, की माल जुना आहे, असाच दिसणार. साफ खोटे! ही चित्रे पारदर्शक तावांवर हाताने रंगवून फिल्मवर टिपलेली. फिल्म नीट सांभाळली, धुतली-पुसली, तर व्हीसीडीच्या दहापट बारकावे देते. युगो साको आणि आपले राम मोहन यांचा रामायणावरचा जपानी-भारतीय कार्टूनपट २०२५ च्या जानेवारीत फोर-केमध्ये झळझळीत होऊन थिएटरात आलाच ना? मेहनत लागते, पैसा लागतो, कबूल. पण चित्र न कापायला कुठे पैसा लागतो? डाव्या-उजव्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या सोडल्या की झाले. शेताला धुरा असतो, तशा त्या पट्ट्या. (आमच्याकडे धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चालतात हे खरे. पण धुरा दिसू नये म्हणून ज्वारीची कणसे छाटणारा अजून कुणी पाहिला नाही.) काही कंपन्या छाटत नाहीत, ताणतात. त्यांचा शेरखान लग्नाच्या चार पंगती उठवून आल्यासारखा रुंद दिसतो.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. “नोटा बदलाले आले का सीडी बदलाले?” म्हणून चहा मात्र पाजला. आज त्या जागी मोबाइलची कव्हरे मिळतात, आणि डीव्हीडीचा संच माझ्या कपाटात, मुदत ठेवीच्या पावत्यांखाली आहे. कुणी ५२ भाग पुरे, पुढे-मागे गाण्यासकट, डोक्या-पायांसकट काढणार असेल तर छापील किंमत मोजायला मी आजही तयार आहे, घासाघीस करणार नाही.

त्या वर्षी मात्र आम्ही तो संच तसाच पाहिला. डोके नसलेले अस्वल मुलाने चालवून घेतले. गाण्याची उणीव मी भरून काढायचो. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला उभे राहून, हातवाऱ्यांसह, स्वतः म्हणायचो. चौथ्या डिस्कला स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, कंपनीने कापलं ते काही उगीच नाही.”