रडीचा डाव कुणाचा?

दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की अकोल्याची पोरं अमरावतीला मामाकडे अन् अमरावतीची अकोल्याला आत्याकडे! दुपारी मोठी माणसं जरा लवंडली की टीव्हीसमोर मारामारीचा गेम सुरू होतो. अर्ध्या तासात खरी मारामारीही! मग शाळा उघडली की वर्गात तक्रार ठरलेली : "सर, दादा एकच डाव खेयते. पकडते अन् आपटते, पकडते अन् आपटते. मी नाही खेयत आता त्याच्यासंगं."

सांगा बरं, दादा रडी खेळला का?

मला विचाराल तर नाही. 'टेकन' घ्या की 'स्ट्रीट फायटर', या खेळांच्या पोटात आपलं दगड-कागद-कात्रीच लपलेलं असतं. ठोसा आला तर अडवता येतो. नुसतं अडवत बसणाऱ्याला पकडून आपटता येतं. आणि पकडायला जवळ येणाऱ्याला आधीच ठोसा हाणता येतो. म्हणजे तुम्ही भिऊन अडवत बसता, म्हणून दादाचं फावतं! शिवाय नेमक्या वेळी बटण दाबलं तर पकड सोडवताही येते. हे शोधून काढण्यातच खरी गंमत आहे. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे 'स्ट्रीट फायटर ५'ला चक्क सुवर्णपदक होतं. भारताचेही दोन खेळाडू त्यात उतरले होते. पदक जिंकलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी. वय किती? ४४ वर्षं! (हे घरी सांगा, पण अभ्यास झाल्यावर.)

पण दादासाहेब, तुम्हालाही एक विचारतो. दहाही डाव तुम्ही जिंकलात अन् अकराव्याला समोर कोणी बसेना, तर काय भिंतीशी खेळणार?

आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तुम्हाला ठाऊकच आहे. १९१४ पासूनची संस्था. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. स्पर्धेतल्या कबड्डीत सात-सात खेळाडू, चढाईला तीस सेकंद, सगळं मोजून-मापून. आणि गल्लीत? एकीकडे पाच, दुसरीकडे आठ, शिवाय एक कच्चा लिंबू! तरी आपण गल्लीतल्या कबड्डीला खोटी म्हणतो का?

मासाहिरो साकुराई या जपानी माणसाने 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा खेळ तयार केला. त्यात मध्येच बॉम्ब पडतात, हातोडे पडतात, ज्याच्या हाती लागेल त्याचं नशीब. त्यामुळे नवखाही कधी कधी जिंकून जातो. स्पर्धा खेळणारे मात्र या वस्तू बंदच करून ठेवतात. नशिबाने हरणं त्यांना सोसत नाही. एकच खेळ, पण खेळण्याच्या तऱ्हा दोन!

भांडण होतं ते एक जण गल्लीतला खेळ खेळतो अन् दुसरा स्पर्धेतला, म्हणून. तेव्हा बटणाला हात लावण्याआधीच बोलून घ्या. पहिले पाच डाव गमतीचे, खेळाडू डोळे मिटून निवडायचा. पुढचे तीन खरे, त्यात कोणी "रडी, रडी" ओरडायचं नाही. आणि धाकट्याने विचारलं तर दादाने डाव शिकवायचाच, लपवायचा नाही.

तुमच्या घरी काय नियम आहेत? पत्राने कळवा. मोठ्या ताईनेच केलेले असतील तर तसंही लिहा!