कावीळ ‘ब’ : गोळी परस्पर बंद करू नका

‘डॉक्टर, एसजीपीटी नॉर्मल आली, आता गोळी बंद करू का?’ जुनाट कावीळ ‘ब’चे रुग्ण हमखास विचारतात. परस्पर मुळीच बंद करू नका.

एसजीपीटीवरून यकृताची सूज समजते. रक्तातला विषाणू किती दबला, हे डीएनए व्हायरल लोड तपासणी सांगते. टेनोफोव्हिर, एन्टेकाव्हिर या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. त्याचा समूळ नाश क्वचितच होतो. म्हणून एचबीएसएजी वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहते. त्यावरून औषध लागू पडत नाही असे समजून झाडपाल्याकडे वळणे घातक आहे. गोळी अचानक सोडली तर विषाणू पुन्हा उसळतो आणि यकृत निकामी होऊन जीवही जाऊ शकतो.

वारंवार एचबीएसएजी करून पैसे घालवण्यापेक्षा व्हायरल लोड, एसजीपीटी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्चाची अडचण खरी आहे. पण 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. बिडकीनकरांनी सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये जपावेत आणि घरच्यांचीही तपासणी करून त्यांना लस टोचून घ्यावी.