अंतर तेच, प्रवास लांबला

हेलसिंकी ते टोकियो हे हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. रशियावरून जाणारे विमान ते साधारण साडेनऊ तासांत कापत असे. युक्रेनवरील आक्रमणानंतर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, युरोपीय संघ आणि रशिया यांनी परस्परांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. आता याच प्रवासाला सुमारे तेरा तास लागतात. कधी दक्षिणेकडून, तर कधी चक्क उत्तर ध्रुवावरून वळसा घ्यावा लागतो. सोव्हिएत हद्द टाळण्यासाठी ‘फिनएअर’ने १९८३ मध्ये हीच ध्रुवीय वाट धरली होती! प्रश्न केवळ इंधनाचा नाही. आशियाची सर्वांत जवळची वाट हेलसिंकीहून जाते, या एकाच भांडवलावर कंपनीने आपला व्यवसाय उभारला होता. त्या वाटेची किल्ली मात्र मॉस्कोकडे होती. चिनी कंपन्यांची विमाने रशियावरूनच युरोपात ये-जा करीत आहेत.