खरखर असू द्या!

हॉस्टेलवर दर वर्षी एखादा तरी बँड जन्माला येतो आणि "आधी चांगला माईक घेऊ, मग रेकॉर्डिंग करू" या वाक्यावर मरतो. गाणी तयार असतात, चालीही बऱ्या असतात. माईक मात्र येत नाही आणि आठवं सेमिस्टर संपतं. अशा मंडळींना मी एकच सांगतो, 'बी थाउझंड' ऐका.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनचा 'गायडेड बाय व्हॉइसेस' हा बँड. म्होरक्या रॉबर्ट पोलार्ड, चौथीच्या पोरांना शिकवणारा मास्तर! १९९४ साली आलेला हा अल्बम बराचसा तळघरात नि गॅरेजमध्ये, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झालाय. २० गाणी, आणि सगळी मिळून ४० मिनिटंसुद्धा नाहीत.

आता यंत्राची गंमत बघा. साध्या कॅसेटला दोन बाजू, दर बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक. टास्कॅमने १९७९ मध्ये 'पोर्टास्टुडिओ १४४' काढला आणि हे चारही ट्रॅक एकाच दिशेने चालवले. म्हणजे कॅसेट उलटायची नाही, पण ड्रम, बास, गिटार, गळा वेगवेगळे भरता येतात. पट्टी मुळात चार मिलिमीटरहून कमी रुंद, तिचे चार वाटे! त्यामुळे सिग्नल बारीक, खरखर जास्त. पाचवं वाद्य हवं? मग भरलेले तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचं भरायचं. दर उतरवणीत खरखर वाढते, ट्रेबल बोथट होतो, आणि मुख्य म्हणजे 'अनडू' नाही. गिटार मोठी की गळा मोठा, हे तिथल्या तिथे ठरवा आणि पुढे चला.

माझ्या मते या गाण्यांचा जोर त्या घाईतच आहे. कल्पना संपली की गाणं संपलं, उगाच तिसरं कडवं नाही. पहिल्याच गाण्यात एक गिटार मध्येच गायब होते, ती तशीच ठेवलीय. आता काहीजण स्वच्छ रेकॉर्ड करून वरून प्लगइनने खरखर लावतात. नव्या जीन्सला भोकं पाडण्यातलाच प्रकार!

अर्थात पोलार्ड काही खरखरीचा भक्त नव्हता. १९९९ च्या 'डू द कोलॅप्स'साठी बँडने रिक ओकासेकसारखा निर्माता घेतला, आवाज चकाचक झाला. मला तो अल्बम निम्म्यात बंद करावासा वाटतो, पण ते असो.

चाराहून जास्त ट्रॅकची ॲप्स आज मोबाइलवर फुकट मिळतात. तेव्हा रविवारी गाद्या भिंतीला उभ्या करा, पंखा बंद करा, आणि मेसची ताटं वाजायच्या आत पहिला टेक घ्या.