मासे कमी आले म्हणजे समुद्र रिकामा झाला का?

किरनापुर : इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी बाजारातली सुकट आणि सुके बोंबील येतात ते तिथूनच. भाव चढला की 'समुद्रातले मासेच संपले' असं सहज बोललं जातं. हिशेब एवढा सोपा नाही.

2019 मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 2.01 लाख टन मासळी उतरली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार हा 45 वर्षांतला नीचांक होता. पण त्याच वर्षी ऐन हंगामात 'क्यार' आणि 'महा' ही वादळं आली, बोटी बंदरातच अडकल्या. म्हणजे पकड घटली तेवढाच साठाही घटला, असं म्हणता येत नाही.

उलटंही घडतं. बोटी वाढल्या, जाळ्याची आस बारीक झाली, की साठा घटत असतानाही पकड भरघोस दिसते. दुकानदाराने भांडवल मोडून गल्ला भरावा, तसा हा प्रकार. म्हणून शास्त्रज्ञ फक्त टन मोजत नाहीत. बोट किती तास समुद्रात होती, मासा किती लांबीचा होता, एकदा तरी अंडी घालण्याआधीच तो जाळ्यात आला का, हेही पाहतात.

2022 च्या अशा तपासणीत देशातले 135 साठे पाहिले गेले आणि 91.1 टक्के ठीक निघाले. दिलासा आहे, पण हा आकडा सगळ्या किनाऱ्यांचा मिळून आहे. प्रत्येक माशाचं खातं वेगळंच तपासावं लागतं.

महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी 54 जातींसाठी पकडीची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. खरी अडचण पुढे आहे. जाळं वर आलं तोवर लहान मासा बहुधा मेलेला असतो. बंदरावर पट्टी लावून तो वाचत नाही, आस मोठी असेल तरच वाचतो.

पावसाळी बंदी वैनगंगेकाठच्या लोकांना नवी नाही. मध्य प्रदेशातल्या नद्यांत ती 16 जून ते 15 ऑगस्ट असते, कोकण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै. पण दोन महिने जपलेलं पिल्लू ऑगस्टमध्येच बारीक जाळ्यात गेलं, तर बंदी पाळून हाती काय लागलं? बोटभर पापलेटला गिऱ्हाईक आहे तोवर ते पकडलं जाणारच. तिथे आपलाही वाटा आहे.