गाडीची नोंद आणि माणसाची झोंप

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. माटुंग्यास आमच्या शेजारीं राहणाऱ्या एका कुटुंबांतील धाकट्या चिरंजीवांची नागपुराहून मुंबईस बदली झाली व त्यांचें बिऱ्हाड मालमोटारींतून निघालें. हल्लीं अशा गाडीवर एक लहानसें यंत्र बसविलेलें असतें. गाडी कोठें आहे व कोठें थांबली आहे, हें घरबसल्या फोनवर दिसतें. सकाळच्या चहापासून सारें घर त्या हलत्या ठिपक्याभोंवतीं जमलें होतें. इगतपुरीच्या अलीकडे ठिपका थांबला. तास झाला, दीड तास झाला, तरी हालेना. हमालांस केव्हां बोलवावें तें कळेना, स्वयंपाकघरांत पानें किती घ्यावींत तें ठरेना. अखेर घरांतील आजोबांनीं चालकास फोन लाविला आणि जरा चढ्या आवाजांतच विचारलें, “अहो, गाडी कां थांबवलीत?” उत्तर आलें, “काका, डोळ्यांवर झापड येत होती. जरा पडलों. आतां निघतोंच.”

फोन ठेवल्यावर आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग एवढेंच म्हणाले, “हा रात्रभर जागा होता, हें कांहीं त्या ठिपक्यानें आपल्याला सांगितलें नाहीं.” त्या एका वाक्यानें आम्हांस आजचा विषय सुचला.

मालवाहतुकीच्या धंद्यांत गेल्या कांहीं वर्षांत नोंद ठेवणारीं साधनें झपाट्यानें आलीं. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किंमतीचा माल परराज्यांत नेतांना ई-वे बिल सक्तीचें झालें. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठीं फास्टॅग आवश्यक झाला. गाडीचा ठाव सांगणारें यंत्र तर अनेक मालक आपल्या सोयीसाठींच बसवूं लागले. या साधनांचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. नाक्यावरची रांग आंखूड झाली. आणि वाट सोडून गाडी भलतीकडे नेल्याचा आळ चालकावर आला, तर तेंच यंत्र त्याच्या बाजूनें साक्ष देतें. परंतु नीट पाहिलें तर हीं सारीं साधनें मालाची, पैशाची व गाडीची नोंद ठेवितात. चाकावर बसलेला मनुष्य किती तास जागा आहे, हें त्यांना कोणीं विचारलेलेंच नसतें. ई-वे बिलाची मुदत पूर्वीं शंभर किलोमीटरांस एक दिवस अशी धरीत. १ जानेवारी २०२१ पासून ती दोनशें किलोमीटरांस एक दिवस झाली. हा पल्ला चालत्या गाडीस अवघड नव्हे. पण वाटेंत अडकून दिवस फुकट गेला, म्हणजे त्याची भरपाई रात्रीच्या झोंपेंतूनच करावी लागते.

अमेरिकेंत हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनें हातीं घेण्यांत आला. तेथें चालकानें आपले तास वहींत लिहावे, असा नियम पुष्कळ वर्षें होता. पण वहींत खोटें लिहिणें सोपें. म्हणून १८ डिसेंबर २०१७ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक मालमोटारींवर इंजिनाशीं जोडलेलें नोंदयंत्र सक्तीचें झालें. सलग दहा तासांच्या विसाव्यानंतर चौदा तासांच्या अवधींत अकरा तासच गाडी हांकावी, आणि आठ तास हांकल्यावर निदान अर्धा तास थांबावें, हा तेथील दंडक. त्याचा हिशेब यंत्र ठेवितें. चालकांनीं कुरकूर केली, आणि ती निष्कारण नव्हती. गोदामाच्या दाराशीं ताटकळण्यांत वेळ गेला, तरी चौदा तासांचें घड्याळ चालूंच राहतें. तास संपत आले असतां गाडी उभी करावयास जागा मिळत नाहीं. तरीहि हळूहळू लोक रुळले. विसाव्याची जागा आधींच हेरून ठेवावी, माल केव्हां भरणार तें पक्कें विचारून घ्यावें, अशी संवय लागली. “माझे तास संपले, आतां गाडी निघणार नाहीं,” असें मालकास सांगतांना चालकाच्या हातीं पुरावा आला. आमच्या मतें त्या यंत्राचें खरें मोल येथेंच आहे.

आमच्याकडे नियम नव्हते असें नाहीं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. परंतु पांचांहून कमी कामगारांच्या धंद्यास तो लागूच नव्हता, आणि आपल्या देशांत एक-दोन गाड्यांचे धनीच फार. पुढें २०२० च्या संहितेंतहि आठ तासांचीच मर्यादा आली. वैमानिकांप्रमाणें मालमोटारींच्या चालकांचेहि तास बांधून द्यावे, असें केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं सप्टेंबर २०२१ मध्यें सुचविलें. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असावी, असा नियमहि झाला. चालकाच्या देहाकडे लक्ष गेलें, हें चांगलेंच झालें. आतां त्याच्या तासांकडे जावें.

मात्र तास मोजावयाचे तर ताटकळण्याचेहि मोजले पाहिजेत, महामार्गांवर गाडी निर्धास्त लावून पडतां येईल अशा जागा पाहिजेत, आणि वेतन केवळ फेरीवर अवलंबून असतां कामा नये. नाहींतर त्याचा विसावा त्याच्या मुलांच्या ताटांतून वजा होईल.

आणि आपण गृहस्थांनीं? गाडी ठरवितांना भावाबरोबर “चालक किती आहेत?” हेंहि विचारावें. लवकर पोंचल्यास बक्षीस देण्याचा मोह आवरावा. चालत्या गाडींतील मनुष्यास वारंवार फोन करूं नये. यांतील कशासहि खर्च लागत नाहीं.

ती मालमोटार सायंकाळच्या बंदीमुळें मुलुंडच्या नाक्याबाहेर थांबून रात्रीं अकराच्या सुमारास माटुंग्यास आली. घरच्या सूनबाईंनीं चालकाचें व त्याच्या सोबत्याचें पान झांकून ठेवलें होतें. जेवण झाल्यावर चालक सामान सोडावयास उठला, तेव्हां आजोबांनीं त्यास थांबविलें. “आज नको. आधीं झोंपा.” सामान दुसऱ्या दिवशीं सकाळीं उतरलें. त्या उशिरानें घरांत कोणाचेंहि कांहीं अडलें नाहीं.